अखंड दिव्यावरचा डबा

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी अधिकाचा श्रावण आला, सगळे सण मागे सरकले आणि नवरात्र ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात पडलं. खुटबावच्या साळूबाईंच्या घरी भिंतीवर तो पांढरा डबा बसला, तो त्याच नवरात्रात, पहिल्या माळेच्या दिवशी.

डबा पाठवला होता मुलानं, सत्यजीतनं. तो आणि त्याची बायको मोनाली पुण्यात खराडीला राहायचे. जुलैमध्ये साळूबाईंच्या मालकांचं, आनंदरावांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. खोली तापू द्यायची नाही आणि फार गारही करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सत्यजीतनं पुढच्या खोलीत एसी लावून दिला आणि वडिलांचा पलंग तिथं आणला. पण रिमोट काही दोघांना साधेना. आनंदराव सोळावर नेऊन ठेवायचे आणि दोन गोधड्या घेऊन पडायचे. म्हणून हा डबा. खोलीतली हवा तो स्वतः जोखणार, सव्वीसच्या वर गेली की एसी चालू करणार, खाली आली की बंद करणार, आणि ते सगळं सत्यजीतला खराडीत बसून फोनवर दिसणार.

पार्सल आलं ते पितृपंधरवड्यात. साळूबाईंनी ते उचलून कपाटात ठेवलं.

"आई, तो थर्मोस्टॅट आहे. सोन्याच्या बांगड्या नाहीत मुहूर्त बघायला," सत्यजीत फोनवर वैतागला.

"पंधरवड्यात नवी वस्तू लावत न्हाईत. घटाच्या दिवशी बसवू. आन् बसवायला महेंद्रालाच बोलाव."

महेंद्र सत्यजीतच्याच वर्गातला. रांजणगावच्या एका कारखान्यात नऊ वर्षं त्यानं थंड करायच्या मोठ्या मशिनींवर काम केलं होतं. वर्षापूर्वी बायको करुणा आणि लेक रश्मीला घेऊन तो गावी परत आला आणि त्यानं फाट्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हाताऱ्या आईला एकटं ठेवायचं नाही, हे त्याचं कारण. त्याची आई ताईबाई बौद्ध वस्तीत राहायची. ती केंदूरची, शिरूर तालुक्यातली, आणि साळूबाईंचं माहेरही केंदूरच. बहात्तरच्या दुष्काळात दोघी पोरी एकाच कामावर खडी फोडायला बसायच्या. एकदा साळूबाईंचा हातोडा बोटावर बसला, तेव्हा ताईबाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून चिंधी बांधली होती. पुढं दोघी दोन वर्षांच्या अंतरानं याच गावात नांदायला आल्या. एका गावच्या लेकी म्हणून महेंद्र लहानपणापासून साळूबाईंना मावशी म्हणायचा.

साळूबाईंच्या सासूच्या काळात ताईबाईसाठी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी कपबशी असायची. सासू गेली त्याच आठवड्यात साळूबाईंनी ती कपबशी उकिरड्यावर नेऊन टाकली. कुणाला त्या हे सांगत नसत. पण आपल्या घरात तसलं काही नाही, ही गोष्ट त्यांनी मनात फार जपून ठेवली होती.

पहिल्या माळेला सकाळी आठ वाजता महेंद्र आला. भिंतीला दोन बारीक भोकं पाडून त्यानं डबा बसवला. डब्यावर हिरवे आकडे उमटले. साळूबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या.

"मावशी, कुंकू लावा, पण कडंला लावा," महेंद्र हसत म्हणाला. "खालच्या ह्या फटी बुजवू नका. तिथनं त्याला हवा कळती. आन् ह्याच्या खाली-जवळ टीव्ही, शेगडी, गरम असलं काय बी ठेवायचं न्हाई."

"बरं बाबा. तुझ्या डब्याला सोवळ्यात ठेवते."

"आमच्या डब्याला माणसापरीस जास्त मान हाय," पलंगावरून आनंदराव म्हणाले.

महेंद्र चहा पिऊन गेला आणि साळूबाई घटाच्या तयारीला लागल्या. घट दरवर्षी आतल्या देवघरात बसायचे. पण आनंदरावांना उठबस होत नव्हती आणि त्यांना पडल्यापडल्या घट दिसावेत, म्हणून यंदा पुढच्या खोलीत पाट मांडला. परडीत माती, मातीत धान्य, वर घट. शेजारी अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. दिवा लावला आणि वरून एसीचा वारा आला. ज्योत आडवी झाली, फडफडली. त्यांनी दिवा इकडं ठेवून पाहिला, तिकडं ठेवून पाहिला. शेवटी भिंतीच्या एका कोपऱ्यात वारा अजिबात लागेना. तिथं त्यांनी स्टूल ठेवलं, स्टुलावर दिवा ठेवला आणि दिव्यावर काचेची चिमणी बसवली. ज्योत उभी राहिली, सुईसारखी सरळ. डबा बरोबर तिच्या वर होता, वीतभर अंतरावर. साळूबाईंनी तो पाहिला नाही असं नाही. दिवा म्हणजे शेगडी नव्हे, एवढंच त्यांच्या मनात आलं असेल, किंवा तेही आलं नसेल.

दुसऱ्या माळेपासून खोलीत गारठा पडला. एसी थांबेचना. आनंदरावांनी कानटोपी घातली.

"सत्यजीत, अरे तुझे बाबा कुडकुडायला लागले."

"आई, फोनवर एकतीस दाखवतंय! एकतीसमध्ये कोण कुडकुडतं? बाबांना ताप आहे का बघ."

"ताप न्हाई. हितं मला स्वेटर घालावा लागलाय."

"थांब, अजून थोडं कमी करतो."

साळूबाई भिंतीवरचं बटण बंद करायच्या. अर्ध्या तासात फोन यायचा, बंद का केलंस, डॉक्टरांनी काय सांगितलंय, बाबांना घाम आला तर? मग त्या पुन्हा चालू करायच्या. चौथ्या माळेला आनंदरावांना सर्दी झाली, पाचव्या माळेला खोकला. खोकताना ऑपरेशनची शिवण ताणायची आणि ते छाती धरून बसायचे. साळूबाईंनी महेंद्रला बोलावणं धाडलं.

तो आला तेव्हा पुढची खोली भरलेली होती. धाकटे दीर हौसराव आले होते. ते वरच्या वस्तीच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्याबरोबर संस्थेचे शंकरराव होते. माळ वाहायला शेजारच्या गिताबाई आणि आणखी दोघीतिघी बसल्या होत्या. संस्थेत दूध थंड करायचा मोठा कूलर येणार होता, आणि तो बसवण्याचं आणि वर्षभर सांभाळण्याचं काम कुणाला द्यायचं ते दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी ठरणार होतं. महेंद्रनं त्यासाठी अर्ज केला होता. ते काम मिळालं तर त्याचं गावात बस्तान बसणार होतं. नाहीतर परत रांजणगाव. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

महेंद्रनं खिशातून छोटं मीटर काढलं. पलंगाजवळ धरलं, मग भिंतीजवळ डब्याखाली धरलं. क्षणभर तो दिव्याकडं बघत राहिला.

"मावशी, जरा आत येता का? बोलायचं होतं."

"आत कशाला? जे काय असंल ते हितंच बोल की. ह्यांचा जीव चाललाय खोकून."

महेंद्रनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दिवा तेवढा हातभर इकडं सरकवला तर बरं हुईल. डब्याला दिव्याची ऊब लागतीय. त्याला वाटतंय सगळी खोलीच तापलीय."

गिताबाईंनी भुवया उंचावल्या. शंकरराव खाकरले. पाच दिवस त्या ज्योतीपाशी साळूबाईंनी डोळ्यात तेल घालून काढले होते, वर मालकांचं खोकणं ऐकलं होतं. त्यांचा तोल गेला. पण तोल गेल्यावर जे बाहेर पडलं, ते आधीपासून आत असल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे त्यांना नंतर उमगलं.

"अखंड दिवा हाय तो. बसला की नऊ दिवस हलवत न्हाईत. तुम्ही लोकांनी देव सोडलं, म्हणून आता आमच्या देवाचा दिवा बी डोळ्यात खुपतोय व्हय तुम्हाला?"

एसी चालूच होता.

महेंद्रनं मीटर बंद केलं आणि पिशवीत टाकलं. "बरं, मावशी," एवढंच म्हणाला. त्याच्यासाठी ओतलेला चहा तिथंच राहिला. त्याच्यावर साय धरली.

तो गेल्यावर हौसराव म्हणाले, "एवढासा डबा जमंना याला, आन् संस्थेचा कूलर सांभाळणार म्हणं. वहिनी, तुम्हाला काय वाटतं? तुमच्याच घरातलं काम हाय."

"मला तर बाबा काम कच्चंच वाटतंय," साळूबाई म्हणाल्या.

आनंदराव छताकडं बघत पडले होते.

दसऱ्याला घट उठले. दिवा शांत झाला. साळूबाईंनी स्टूल उचलून आत नेलं, पाट पुसला, माती तुळशीत टाकली. दुपारी स्वयंपाक आवरून त्या बाहेर येतात तो एसी बंद. भिंतीवर सव्वीसचा आकडा. आनंदरावांनी कानटोपी काढली होती आणि ते गाढ झोपले होते. पहिल्यांदा साळूबाईंनी देवीला हात जोडले. मग हात तसेच जोडलेले राहिले आणि नजर डब्याखालच्या रिकाम्या जागेवर गेली.

त्या देवघरात गेल्या. तुपाचं निरांजन लावलं. पदरानं ज्योत आडोशाला धरून पुढच्या खोलीत आल्या आणि ते त्यांनी डब्याखाली धरलं. सव्वीस. सव्वीस. सत्तावीस. हात अवघडला, तरी त्यांनी खाली घेतला नाही. एकोणतीस झाले. खर्र करून एसी चालू झाला आणि गार वारा त्यांच्या मानेवर आला.

"कळलं?" मागून आनंदराव म्हणाले. ते जागे होते.

साळूबाईंनी फुंकर मारून निरांजन विझवलं. असं विझवू नये, हे त्यांनी आजवर सुनेला शंभरदा सांगितलं असेल.

"तुम्हाला ठावं होतं?"

"मला दिव्याचं कुठलं कळतंय. पर तो सांगत होता ना. कुणी ऐकलंच न्हाई."

"मग तवाच बोलायचं की तुम्ही."

"व्हय. मी बी न्हाई बोललो." त्यांनी गोधडी बाजूला सारली. "आता शुक्रवारच्या आत हौसाला सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"बोललीस तू. सांगायचं बी तूच."

त्याच संध्याकाळी ताईबाई आली. दसरा हा त्यांच्या वस्तीतही मोठा दिवस. विहारातली वंदना उरकून, पांढरं लुगडं नेसून, हातात खिरीचा डबा घेऊन ती दरवर्षी यायची, आणि जाताना साळूबाई तिला पुरणपोळ्या बांधून द्यायच्या. चाळीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. तिच्या तोंडाकडं पाहिल्याबरोबर साळूबाईंनी ओळखलं, महेंद्रनं घरी काहीच सांगितलेलं नाही.

"दाजी बरं दिसत्यात आता," ताईबाई खाली बसत म्हणाली. "साळू, एक सांगू का? पोराचा जीव त्या कूलरच्या कामात अडकलाय. आपल्या तोंडानं मागणारा न्हाई तो. तुझा दीरच चेअरमन. तू एक शब्द टाक."

खीर वाटीत ओतता ओतता साळूबाई म्हणाल्या, "टाकते की."

बुधवारी त्या हौसरावांच्या वस्तीकडं निघाल्या आणि ओढ्यापासून परत आल्या. ऊन फार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गुरुवारी तर हौसराव आपल्या पायानं घरी आले. समोर बसले, चहा प्यायले. आनंदराव साळूबाईंकडं बघत होते. साळूबाईंनी हौसरावांना गुडघ्याचं विचारलं. औषधाचं विचारलं. म्हशीचं विचारलं. सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल, ते त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं. चूक डब्याची नव्हती, महेंद्रची नव्हती, आपली होती. एवढं सांगून भागलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्याच्या मागून ते दुसरं वाक्य आलंच असतं, आणि ते पुन्हा तोंडानं उच्चारायची त्यांची छाती होईना. कोनाड्यातली कपबशी टाकून दिलेली बाई ती, असं म्हणणारी. हौसराव उठले, चप्पल घातली, गेले.

शुक्रवारी काम भांडगावच्या एका माणसाला मिळालं.

रविवारी सकाळी साळूबाई बौद्ध वस्तीत गेल्या. महेंद्र ओट्यावर बसून हत्यारं खोक्यात भरत होता. दारात ताईबाई मेथी निवडत होती.

"या मावशी," महेंद्र उठून म्हणाला. त्यानं खुर्ची दिली. साळूबाई बसल्या नाहीत.

"दिव्यानंच होत होतं रं. मी निरांजन धरून बघितलं. दसऱ्यालाच कळलं मला."

"मला तवाच ठावं होतं. मीटरवर डब्याखाली एकतीस आन् पलंगाच्या उशाला एकवीस."

"मग नीट समजावून सांगायचं न्हाईस का मला?"

महेंद्रनं पक्कड पुसली आणि खोक्यात ठेवली. "सांगितलं की."

मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला होता.

"दसऱ्याला कळलं?" ताईबाईनं विचारलं. "मी आले त्याच्या आधी का मागनं?"

"आधी."

"आन् तू टाकते म्हणलीस."

साळूबाईंना वाटलं, तिनं शिव्या द्याव्यात. केंदूरला खडीवर मुकादमाला द्यायची तशा. ताईबाईनं मेथीचं सूप उचललं आणि ती आत गेली. त्या दिवशी त्या घरात साळूबाईंना चहा कुणी विचारला नाही. ते बरोबरच होतं.

"मी माफी मागायला आले हुते, महेंद्र."

"मला नका सांगू, मावशी. मला ठावंच हाय सगळं." तो रागावलेला नव्हता, नुसता दमलेला दिसत होता. "त्या दिवशी खोलीत जी माणसं हुती ना, त्यास्नी ठावं न्हाई."

सोमवारी सकाळी सहाला साळूबाई दूध संस्थेत गेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथं दोनदा गेल्या असतील. कॅन घेऊन आलेल्यांची रांग लागली होती. काट्यापाशी हौसराव उभे होते, शंकरराव होते. गिताबाईही किटली घेऊन आल्या होत्या.

"वहिनी? दादांचं बरं हाय ना?" शंकरराव दचकले.

"त्यांचं बरं हाय. मला बोलायचंय." त्या काट्यापाशी गेल्या. "आमच्या घरात महेंद्राचं काम कच्चं नव्हतं. मी डब्याखाली दिवा ठेवला, त्याच्यानं बिघडलं. त्यानं सांगितलं तर मी त्याला नको ते बोलले. तुम्ही देव सोडलं, दिवा खुपतोय, असं बोलले. तुमच्या सगळ्यांपुढं बोलले. ते चुकीचं हुतं. त्याचं काम माझ्यामुळं गेलं."

मग शंकरराव हसले. "आवो वहिनी, एवढ्याशा दिव्यानं कुठं मशीन बिघडतंय व्हय! तुमचं मन लई मोठं हाय, दुसऱ्याची चूक अंगावर घेताय."

"न्हाई वो, मी स्वतः बघितलं..."

"झालं गेलं, वहिनी," हौसराव मऊ आवाजात म्हणाले. "कागदावर सह्या बी झाल्या. तुम्ही कशाला सकाळच्या पारी एवढं चालत आला? सोडू का गाडीवर?"

गिताबाईंनी तर हात धरून सांगितलं, "साळूबाई, तुमच्यासारखं माणूस न्हाई बघा."

साळूबाई चालतच घरी आल्या. वाटेत त्यांना बसायला हवं होतं, पण बसलेलं पाहून पुन्हा कुणीतरी चौकशी केली असती.

पुढं ज्याचं त्याचं असं झालं. भांडगावच्या माणसानं कूलर चांगला सांभाळला. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि आजही तोच येतो. हौसराव पुन्हा चेअरमन झाले. शंकररावांनी साळूबाईंच्या मोठ्या मनाची गोष्ट पुढं दोन लग्नांत सांगितली. साळूबाईंनी दोन्ही वेळा ती खोटी आहे म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांना ती आणखी खरी वाटली.

आनंदरावांचा खोकला आठ दिवसांत गेला. ते दोन हजार पंचवीसच्या चैत्रापर्यंत जगले आणि दुपारी झोपेतच गेले. डबा तेव्हा सव्वीस दाखवत होता. सत्यजीतनं सगळं ऐकलं तेव्हा तो महेंद्रला फोन करतो म्हणाला. केला की नाही, साळूबाईंनी विचारलं नाही. घट आता आतल्या देवघरातच बसतात.

महेंद्रनं त्या दिवाळीनंतर फाट्यावरचं दुकान बंद केलं आणि तो पुन्हा रांजणगावला लागला. करुणा तिथल्याच एका शाळेत पोषण आहाराच्या कामाला जाते. रश्मी शिरूरला कॉलेजात आहे. ताईबाईला त्यानं बरोबर नेलं. खुटबावातल्या तिच्या दाराला कुलूप आहे. आता तिला केंदूर जवळ पडतं, आणि चिंचेखालची विहीर बुजवली, देवळाला नवा रंग दिला, असल्या बातम्या ती साळूबाईंना फोनवर देते. फोन वर्षातून एकदाच येतो, दसऱ्याला. त्या दोघी केंदूरचं बोलतात, दुसरं काही बोलत नाहीत.

गेल्या माघात चौफुल्याला एका लग्नात महेंद्र भेटला. केस पिकलेत त्याचे. त्यानं ओळखलं, थांबला, आनंदराव गेल्याचं ऐकलं म्हणाला, तब्येतीची चौकशी केली. "येतो, काकू," म्हणून गेला. वाटेत भेटलेल्या कुठल्याही वयस्क बाईला म्हणावं, तसं काकू. त्यात उणं काही नव्हतं. साळूबाई अक्षता हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि टाकायच्या राहून गेल्या.